क्रॅक म्हणजे नुसता तडा नव्हे



आपल्याकडे मडके फुटते, तसा घामही फुटतो. चैत्रात झाडाला पालवी फुटते, मुक्याला वाचा फुटते, रस्त्याला फाटा फुटतो, आणि परीक्षेचे दिवस आले की कुठेतरी पेपरही फुटतो. भाऊबंदांत पडते तीही फूटच. नको असलेला मनुष्य जागचा हलत नसला की पोरेटोरे त्याला सरळ 'चल, फूट!' म्हणतात. यातले एकही वाक्य समजून घ्यायला तुम्हांला कोश उघडावा लागला नाही. पण उद्या कोणी परदेशी पाहुणा 'फुटणे म्हणजे तुकडे होणे' एवढेच पाठ करून तुमच्या गावात उतरला, आणि त्याच्या कानांवर आले की पाटलांच्या चिंचेला पालवी फुटली, तर तो बिचारा चिंचेबद्दल हळहळत बसेल.

अशीच गत आपल्यापैकी एकीची परमुलखात झाली. शब्द इंग्रजी होता, आणि त्याचा अर्थ तिला शिकवणारा मास्तर मी होतो.

ही मुलगी आमच्या महाविद्यालयात दोन वर्षे माझ्या वर्गात होती. वडील कोरडवाहू शेतकरी, घराला इंग्रजीचा वारा नाही. मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखे. पुढे नर्सिंग करून ती आयर्लंडात, पश्चिमेकडच्या एका लहान गावच्या रुग्णालयात नोकरीला लागली. भारतातून गेलेल्या नर्स तिकडे पुष्कळ आहेत. केरळच्या अधिक, आपल्याकडच्याही काही. तिच्या पहिल्याच महिन्यातली ही गोष्ट. मागे सुटीवर आली होती, तेव्हा आमच्या ओटीवर बसून तिने ती मला सांगितली.

एक म्हातारा शेतकरी गोठ्यासमोरच्या चिखलात घसरून पडला होता. खुब्याला मार लागला म्हणून त्याला आणले, फोटो काढला, आणि मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी यायचे होते म्हणून ठेवून घेतले. संध्याकाळी ही औषधे घेऊन गेली. म्हाताऱ्याने मान वळवून विचारले, "एनी क्रॅक?"

हिला वाटले, हाडाला कुठे तडा गेला आहे का, असे विचारतो आहे. आणि आजाऱ्याला तपासणीचा निकाल नर्सने परस्पर सांगायचा नाही, हे तर तिला पहिल्या दिवशीच बजावलेले. तेव्हा तिने चेहरा गंभीर केला आणि जपून उत्तर दिले, "ते मला सांगता येणार नाही. उद्या डॉक्टर स्वतः येऊन तुमच्याशी बोलतील."

म्हातारा एकदम गप्प झाला. रात्री त्याने जेवणाला हात लावला नाही. सकाळी उजाडल्याबरोबर तो म्हणाला, धर्मगुरूंना बोलावून घ्या, आणि माझ्या मुलालाही. मुलगा धावत आला, तर बाप त्याला सांगू लागला की कोणती गाय विकायची, कोणती ठेवायची आणि नदीकडचा तुकडा कोणाच्या नावावर करायचा.

आता गोष्ट इथेच थांबवतो. तुम्ही रागावाल, पण हा शब्द काय चीज आहे हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

आयर्लंडात 'एनी क्रॅक?' म्हणजे 'काय विशेष?' किंवा 'काय खबरबात?' आपण वाटेत भेटलेल्या माणसाला 'काय म्हणताय?' असे विचारतो, तेव्हा त्याने खरोखर काही म्हटलेले नसते. आणि त्याने 'बरं आहे' एवढे म्हटले की आपले समाधान होते. तसाच हा प्रश्न. म्हाताऱ्याला खुब्याशी काही देणेघेणे नव्हते. दिवसभर पडून कंटाळला होता, दोन शब्द बोलावेत इतकीच इच्छा. त्याने विचारले, 'काय विशेष, पोरी?' आणि समोरून उत्तर आले, 'ते मला सांगता येणार नाही, डॉक्टर सांगतील.' तुम्हीच सांगा, त्याच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?

पण 'काय विशेष' एवढ्यावर हा शब्द थांबत नाही. चार मित्र जमले, कोणी बाजा काढला, कोणी गोष्टी सांगितल्या, रात्र कशी सरली ते कळले नाही, तर म्हणायचे की काल क्रॅक चांगला झाला. फारच रंगला असेल तर 'क्रॅक नव्वद होता' म्हणतात. शिक्षकबंधूंनी हे शंभरापैकी गुण समजू नयेत. नव्वद म्हणजे इथे नुसते 'भरपूर'. बसगाडी आली नाही तर 'बसचा क्रॅक काय?' म्हणजे, काय भानगड आहे, काय ठरले आहे? एखादी गोष्ट 'फॉर द क्रॅक' केली, म्हणजे सहज, गंमत म्हणून केली. आणि माणूससुद्धा क्रॅक असतो. अमका मोठा क्रॅक आहे असे तिकडे म्हटले तर ती त्याची स्तुती: त्याच्या संगतीत वेळ मजेत जातो. हेच वाक्य आपल्या गावच्या पारावर म्हणून पाहा! 'तो जरा क्रॅकच आहे' म्हणजे आपल्याकडे त्याच्या डोक्यालाच तडा गेलेला. एकाच शब्दाने तिथे पाहुणचार होईल आणि इथे मारामारी.

मी हे सारे आमच्या एका मालवणी सहकाऱ्याला सांगितले, तर तो हसून म्हणाला, "सर, ह्यो तर आमची गजाल!" आणि खरेच की. कोकणात 'गजाली' म्हणजे गप्पा, बातम्या, कोणाच्या उखाळ्यापाखाळ्या आणि त्यातली मौज, सगळे एकत्र. गोव्याच्या कोंकणीत तर 'गजाल' म्हणजे बाब, प्रकरण असाही अर्थ आहे. बातमी, गप्पा, गंमत आणि भानगड या चार गोष्टींची मोट मालवणी माणसाने जशी एका शब्दात बांधली, तशीच हजारो मैलांवरच्या आयरिश माणसाने बांधली. दोन्ही किनारे पावसाचे, हा योगायोग मला तरी अर्थपूर्ण वाटतो. बाहेर धो धो कोसळत असता घरात बसून माणूस दुसरे करणार काय?

आता हा शब्द आला कुठून? मुळात तो एक आवाज आहे. आपण 'कडाड्' म्हणतो, 'तडकन्' म्हणतो, तसा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कडकडणे असा होता, आणि जर्मन भाषेत त्याचा भाऊ आजही त्याच अर्थाने नांदतो. आवाज झाला की मागे भेग राहते, म्हणून पुढे तो भेगेलाही लागला. आपल्याकडे 'तडकन्' आवाज आणि 'तडकलेली' बशी यांचे जसे नाते, तसेच. आणि माणूस तडकतो तो रागाने, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

पण आवाज काही फक्त मडक्याचाच होत नाही, तोंडाचाही होतो. मध्ययुगातल्या इंग्रजीत मोठ्याने बोलणे, फुशारकी मारणे याला हाच शब्द लावू लागले. शेक्सपिअरच्या 'किंग जॉन' नाटकात 'क्रॅकर' हा शब्द बढाईखोर माणसाला लावलेला आहे; आपण बोलबच्चन म्हणतो तसा. इंग्रजी शिकवणाऱ्यांना एक गोष्ट नेहमी कोड्यात टाकते: एखाद्या वस्तूची कीर्ती ऐकली आणि प्रत्यक्षात ती तशी निघाली नाही, तर इंग्रज तिला 'जितकी क्रॅक अप केली तितकी नाही' असे का म्हणतो? तर इथे हा बढाईचा जुना अर्थ टिकून राहिला आहे. भेगेशी त्याचा संबंध लावू गेलात तर जन्मात जुळायचा नाही.

दक्षिणेकडच्या इंग्रजीतून बोलण्याचा हा अर्थ हळूहळू मागे पडला. उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात मात्र तो टिकला, आणि बढाईचे टोक बोथट होऊन नुसत्या गप्पा राहिल्या. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८५ साली आपल्या एका कविमित्राला पद्यात पत्र लिहिले. त्यात संध्याकाळी मंडळी जमून मोजे विणता विणता गप्पा मारतात, त्या गप्पांना हाच शब्द आहे. शेंगा फोडता फोडता आपल्या बायका बोलत बसतात, ते चित्र डोळ्यांसमोर आणा.

बोलीतल्या शब्दांना कोशात कोण जागा देतो, हो? 'गावंढळ' म्हणून बाहेर ठेवतात. पण इंग्लंडात एक माणूस असा निघाला की ज्याने खेड्यांतल्या बोलींचा सहा खंडांचा कोश केला. जोसेफ राइट त्याचे नाव. १८९८ ते १९०५ या वर्षांत तो प्रसिद्ध झाला, आणि 'क्रॅक' म्हणजे गप्पा, हा अर्थ त्यात नोंदलेला आहे. या माणसाविषयी दोन शब्द जास्त बोललो तर आकाशवाणीवाल्यांनी मला माफ करावे. राइटचा जन्म १८५५ सालचा, यॉर्कशायरमधला, गरिबाघरचा. सहाव्या वर्षी तो दगडाच्या खाणीवर गाढवाची गाडी हाकू लागला, पुढे लोकरीच्या गिरणीत लागला. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. मग गिरणी सुटल्यावर रात्रीच्या शाळेत जाऊन शिकला, पैसे साठवले, आणि जर्मनीत हायडलबर्गच्या विद्यापीठात शिकायला निघाला तो बेल्जममधल्या अँटवर्प बंदरापासून चक्क पायी! पुढे हाच मनुष्य ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. ज्या पोराच्या बोलीला मास्तर हसले असते, त्याच पोराने त्या बोलीचा कोश रचला. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून 'व्हय जी' म्हणणाऱ्या पोराकडे पाहताना मला राइट आठवतो.

असो. स्कॉटलंड आणि आयर्लंडचा उत्तर भाग यांच्यामध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधली पुष्कळ कुटुंबे त्या उत्तर भागात, म्हणजे अल्स्टरमध्ये वसवली गेली, आणि तेव्हापासून दोन्हीकडच्या बोलींत देवघेव चालू राहिली. अल्स्टरमधून हा शब्द विसाव्या शतकात आयर्लंडभर पसरला. आणि इथे खरी गंमत झाली.

आयर्लंडची स्वतःची भाषा आयरिश. १९३७ च्या राज्यघटनेने तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला आहे, पण रोजच्या व्यवहारात बहुतेक लोक इंग्रजी बोलतात. या आयरिश भाषेनेही हा शब्द उचलला. पण तिच्या जुन्या वर्णमालेत अक्षरे अवघी १८, आणि त्यांत 'के' हे अक्षरच नाही. 'क'चे सगळे काम 'सी' करतो. शिवाय शेवटचा 'क' जरा जिभेच्या पुढच्या अंगाने म्हणायचा असेल तर त्याच्या आधी 'आय' लिहायचा, ही त्यांची खूण. ('चार'मधला च आणि 'चाक'मधला च आपण वेगळे म्हणतो आणि लिहितो मात्र एकच, त्यांनी निदान खूण तरी ठेवली आहे.) तेव्हा सी-आर-ए-सी-के हा इंग्रजी शब्द आयरिशमध्ये सी-आर-ए-आय-सी असा झाला. १९६० नंतरच्या दशकात ही अक्षरे छापील मजकुरात दिसू लागली. मग १९७६ पासून काही वर्षे तिथल्या दूरचित्रवाणीवर शॉन बॉन ब्रानॉख नावाच्या लोकप्रिय निवेदकाचा आयरिश भाषेतला कार्यक्रम होत असे. संगीत, गप्पा आणि क्रॅक यांचे आमंत्रण देण्याची त्याची लकब घरोघर पोचली. पुढे दारूच्या गुत्त्यांवर, पाट्यांवर, प्रवाशांसाठी छापलेल्या पत्रकांवर नवे स्पेलिंग झळकू लागले, आणि इंग्रजी लिहितानाही लोक तेच वापरू लागले. जणू हा शब्द मुळातच आयरिश, अस्सल तिथल्या मातीतला!

यावर काही जाणकार भडकले. डिअरमिड ओ मुरिहे हे आयर्लंडमधले शब्दांचे मोठे अभ्यासक. १९९२ साली त्यांनी वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात तक्रार केली की चांगल्या जुन्या इंग्रजी-स्कॉटिश शब्दाला हा आयरिश अंगरखा कशाला? दुसरी बाजू म्हणते, शब्द आम्ही वापरला, त्याला रंगत आम्ही आणली, मग तो आमचा का नाही? मला विचाराल तर इतिहासाच्या दृष्टीने ओ मुरिहे बरोबर आहेत. पण शब्द इतिहासाला विचारून कुठे जातात?

आपलेच पाहा ना. 'चिठ्ठी' आपली. साहेबाने ती ऐकली आणि त्याच्या कचेरीत तिची 'चिट' झाली. ती चिट साहेबाबरोबर जगभर फिरली आणि पुन्हा आपल्याकडे आली, ती कशासाठी? तर परीक्षेत बाहीत लपवण्यासाठी! वर्गात पोराकडे चिट सापडली म्हणून पर्यवेक्षक ओरडतात, तेव्हा ती आपल्याच घरातून गेलेली चिठ्ठी आहे, हे ना त्या पोराला ठाऊक, ना पर्यवेक्षकाला. आणि आता तर आमची मुले 'परीक्षा क्रॅक केली' म्हणतात. म्हणजे टणक नारळ फोडावा तशी फोडली. पेपर फुटणे वेगळे आणि परीक्षा फोडणे वेगळे, एवढे मात्र त्यांनी ध्यानात ठेवावे.

इंग्लंडात याच शब्दाचे आणखीही प्रकार चालतात. 'गेट क्रॅकिंग' म्हणजे लागा कामाला. 'हॅव अ क्रॅक' म्हणजे एकदा प्रयत्न करून पाहा. 'क्रॅक ऑफ डॉन' म्हणजे झुंजूमुंजू. अमेरिकेत मात्र जपावे. तिथे १९८० नंतरच्या दशकात कोकेन या अमली पदार्थाच्या एका प्रकाराला क्रॅक हे नाव पडले. 'आम्ही जरा क्रॅकच्या शोधात आहोत' असे एखादा आयरिश तरुण तिथल्या पोलिसाला भोळेपणाने म्हणाला, तर काय होईल याचे विनोद आयरिश लोक स्वतःच सांगतात.

आता आमच्या म्हाताऱ्याकडे परत जाऊ. तो वाट पाहत पडला आहे.

दहाच्या सुमारास डॉक्टर आले. फोटो पाहिला आणि म्हणाले, हाड शाबूत आहे, दोन दिवसांत घरी जाल. म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. तो म्हणाला, "मग त्या पोरीने काल का सांगितलं नाही? तिला सगळं ठाऊक होतं." मुलगा चिडला. वरिष्ठ नर्सने आमच्या मुलीला बाजूला बोलावले आणि काय झाले ते विचारले. हिने शब्दन् शब्द सांगितला. ती बाई आधी पोट धरून हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "अगं, या खोलीत काल रात्री एक माणूस मरणाची तयारी करत होता."

हे सांगताना मुलगी थांबली. मग पिशवीतून तिने एक वही काढली. माझ्याच वर्गातली, बारावीची. शब्दार्थ मी सांगायचे आणि मुलांनी उतरून घ्यायचे, ही माझी वर्षानुवर्षांची पद्धत. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मध्ये रेघ. त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेले होते: क्रॅक, आणि समोर, तडा, भेग. खाली माझी लाल शाईतली सही.

ती वही तिने मला खिजवायला आणली नव्हती. "सर, तुमचा अर्थ चूक नव्हता," असेच ती म्हणाली. चूक नव्हता, हे मलाही मान्य आहे. पण तिला एकदा वर्गात शंका आली होती, हे मला आठवले. फटाक्याला आणि खारट बिस्किटाला दोन्हीला क्रॅकर का म्हणतात, असे तिने विचारले होते. दोन्ही मोडताना आवाज होतो, एवढे सांगायला मला अर्धे मिनिट लागले असते. मी म्हणालो होतो, "ते परीक्षेला नाही. पुढचा शब्द घ्या." चाळीस मिनिटांचा तास, साठ मुले, आणि अभ्यासक्रम संपवायचा. कारणे खरी होती. तरीही ती लाल सही पाहून मला बसल्या जागी ओशाळल्यासारखे झाले.

हल्ली मी वहीत उजवीकडची बाजू निम्मी कोरी सोडायला सांगतो. प्राचार्य म्हणतात, कागद वाया जातो. जाऊ दे.

"आणि तिथली माणसं तुला नीट समजली का गं पुढं?" मी तिला विचारले. ती म्हणाली, "समजायला लागली, सर. आता कोणी 'आय अ‍ॅम ग्रँड' म्हणालं की मी उशाशी जाऊन पुन्हा विचारते. ग्रँड म्हणजे काही भव्य नाही तिथं. 'बरं आहे, काही नको' एवढंच. कळा सोसत पडलेला माणूससुद्धा ग्रँडच असतो."

आणि म्हातारा? हिने त्याच संध्याकाळी जाऊन त्याची क्षमा मागितली. तो आधी लहान मुलासारखा रुसून बसला. मग म्हणाला, "बरं, मग आता तरी सांग. एनी क्रॅक?" हिला पटकन काय सांगावे ते सुचेना. तेवढ्यात सकाळी वडिलांचा फोन आला होता ते आठवले. ती म्हणाली, "आमच्या गावाला काल पाऊस झाला. महिनाभर खंड पडला होता. काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, त्या आता मिटतील."

म्हातारा उठून बसला. पाऊस महिनाभर येत नाही, हे त्याला खरेच वाटेना. किती इंच झाला, पेरले काय आहे, बैल आहेत का ट्रॅक्टर, भेगा एवढ्या मोठ्या का पडतात, तुझा बाप एकटाच करतो का, एकामागून एक तो विचारीत सुटला. तिची ड्यूटी संपून पाऊण तास झाला होता, तरी ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसूनच होती.